नोडचे दोन पत्ते: ऐकायचा कुठे, जाहीर करायचा कोणता

पी-टू-पी नोड, म्हणजे मध्ये सर्व्हर न ठेवता इतर संगणकांशी थेट बोलणारा प्रोग्राम, बसवणं अवघड राहिलेलं नाही. अडचण पुढे सुरू होते. नोड चालू दिसतो, साठ-सत्तर पीअर्स (इतरांचे नोड) जोडलेले दिसतात, आणि तरी दुसऱ्या गावातून कुणी फाइल मागितली की चक्र नुसतं फिरत राहतं. तुमचा नोड इतरांकडे जाऊ शकतो, पण इतरांना तुमच्याकडे येता येत नाही, असा याचा अर्थ. बहुतेक वेळा गोंधळ दोन सेटिंगांत असतो: ऐकण्याचा पत्ता आणि जाहीर पत्ता. घराचं दार कोणत्या गल्लीत उघडतं ही एक गोष्ट आणि लग्नपत्रिकेवर कोणता पत्ता छापला ही दुसरी. दोन्ही जुळले तरच पाहुणा दारात येतो.

इथे उदाहरण म्हणून कुबो घेतला आहे, म्हणजे आयपीएफएस या फाइली वाटून घेण्याच्या पी-टू-पी पद्धतीचा, गो भाषेत लिहिलेला नोड. प्रसंग असा धरू: दारव्हा तालुक्यातल्या एखाद्या गावातली अभ्यासिका, तिथे लिनक्सवर चालणारा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, आणि त्यावर ठेवलेल्या भरती परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका. आज्ञा, सेटिंगांची नावं आणि आकडे या लेखात देवनागरीत आहेत. संगणकावर ते रोमन अक्षरांत, लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सांभाळून टाइप करा. सेटिंगच्या नावात पहिलं अक्षर मोठं हवं तिथे लहान पडलं, तर बदल लागू होत नाही. उदाहरणातले २०३.०.११३ आणि १९८.५१.१०० ने सुरू होणारे आयपी केवळ दाखवण्यापुरते आहेत, तिथे स्वतःचे घाला.

आधी लाइन ओळखा

हे न करता पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आलेली जोडणी राऊटरने आतल्या यंत्राकडे वळवण्याच्या) मागे लागलं की अख्खा रविवार वाया जातो. राऊटरच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१) लॉगिन करा आणि वॅन (राऊटरची बाहेरची बाजू) किंवा इंटरनेट स्टेटसमध्ये आयपीव्ही४ पत्ता बघा. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' सांगणारी कोणतीही साइट उघडा.

दोन्ही पत्ते एकच असतील तर तुमच्याकडे खरा सार्वजनिक पत्ता आहे, पुढचं काम सोपं.

वेगळे असतील तर राऊटरवरचा आकडा नीट वाचा. १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होणारा पत्ता म्हणजे सीजीनॅट. कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि हा पट्टा २०१२ साली खास त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या त्याच कामाला १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. अशा लाइनवर तुमच्या राऊटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, वरचा दरवाजा कंपनीच्या हातात असतो आणि आयपीव्ही४ वरून थेट कुणी येऊ शकत नाही. मोबाइल डेटावर चालणाऱ्या राऊटरची तर हीच गत असते, म्हणून मेळघाटात किंवा भामरागडकडे जिथे फोरजीशिवाय पर्याय नाही तिथे थेट शेवटून दुसऱ्या भागाकडे जा.

राऊटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा वॅन पत्ता दिसला तर बहुधा दुहेरी नॅट (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं चालवण्याची सोय) आहे. केबलवाल्याने लावलेल्या फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, स्वतःचं नॅट असतं आणि त्यामागे तुमचा वाय-फाय राऊटर दुसरं नॅट करतो. डबा ब्रिज मोडवर (त्याचं नॅट बंद करून) टाकून मागा किंवा दुसरा राऊटर नुसत्या ॲक्सेस पॉइंटसारखा चालवा. दोन्ही ठिकाणी फॉरवर्डिंग लावूनही चालतं, पण ते टिकत नाही. डबा बदलला, रीसेट झाला की कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आयपीव्ही६ सुद्धा याच वेळी बघून ठेवा. लॅपटॉपवर 'आयपी ॲड्रेस' या आज्ञेत २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता असेल तर तो जगभर चालणारा आहे. एफई८० ने सुरू होणारा फक्त त्या तारेपुरता असतो, त्याचा इथे उपयोग नाही. आयपीव्ही४ सीजीनॅटमागे आणि आयपीव्ही६ मात्र खरा, अशी लाइन आपल्याकडे भरपूर आढळते. लोक ती तपासतच नाहीत.

ऐकण्याचा पत्ता

कुबोची सेटिंग फाइल घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या '.आयपीएफएस' फोल्डरात 'कॉन्फिग' नावाने असते. हात लावण्याआधी तिची प्रत काढा. आणि ती फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर मदतीसाठी टाकू नका, तिच्यात नोडची खासगी किल्ली असते. दाखवायचंच असेल तर 'आयपीएफएस कॉन्फिग शो' या आज्ञेचं उत्तर द्या, त्यातून किल्ली वगळलेली असते.

ऐकण्याचे पत्ते 'ॲड्रेसेस.स्वॉर्म' मध्ये असतात. मूळ यादीत या ओळी असतातच:

/आयपी४/०.०.०.०/टीसीपी/४००१
/आयपी६/::/टीसीपी/४००१
/आयपी४/०.०.०.०/यूडीपी/४००१/क्विक-व्ही१
/आयपी६/::/यूडीपी/४००१/क्विक-व्ही१

वेबट्रान्सपोर्ट वगैरेच्या आणखी काही ओळीही दिसतील, त्या तशाच राहू द्या. टीसीपी आणि यूडीपी हे डेटाची पाकिटं नेण्याचे दोन प्रकार, आणि ४००१ हा पोर्ट, म्हणजे यंत्रावरच्या दाराचा क्रमांक. ०.०.०.० म्हणजे यंत्राला असलेल्या प्रत्येक आयपीव्ही४ पत्त्यावर ऐक, आणि दोन विसर्गचिन्हांसारखं दिसणारं '::' म्हणजे प्रत्येक आयपीव्ही६ पत्त्यावर. जुन्या लेखांत नुसतं 'क्विक' (यूडीपीवर चालणारी जोडणीची पद्धत) लिहिलेलं आढळतं. तो मसुद्यातला प्रकार कुबोने काढून टाकला आहे, आता 'क्विक-व्ही१' च लिहायचं.

नव्वद टक्के लोकांनी या यादीला हात लावू नये, हे आमचं स्पष्ट मत. लावला की पुढच्यापैकी काहीतरी होतं.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे साइटवर दिसलेला सार्वजनिक आयपी इथे लिहिणं. तो पत्ता राऊटरचा किंवा कंपनीचा असतो, लॅपटॉपला तो मिळालेलाच नसतो. मग 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' असा निरोप येतो आणि त्या पत्त्यावर ऐकणं सुरूच होत नाही. यादीत तेवढाच पत्ता असेल तर डीमन (मागे चालू राहणारा कुबो) उभाच राहत नाही. १९२.१६८.१.५० असा घरातला पत्ता लिहिला तर आज चालेल, पण लाइन जाऊन आली आणि राऊटरने लॅपटॉपला १.५३ दिला की तोच निरोप पुन्हा. १२७.०.०.१ लिहिलात तर निरोप येणार नाही, आणि बाहेरून कुणीही येणार नाही. हे सापडायला जास्त वेळ लागतो, कारण सगळं ठीकच दिसतं.

'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असं आलं तर पोर्ट दुसऱ्याने धरलेलं आहे. 'एसएस -टीयूएलपीएन' ने कोण ते बघा. बहुतेक वेळा कुबोचीच जुनी प्रत मागे चालू असते.

याच फाइलमध्ये आणखी दोन पत्ते आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. 'ॲड्रेसेस.एपीआय', म्हणजे नोडला हुकूम देण्याचा पत्ता, १२७.०.०.१ वर ५००१ पोर्टला असतो. तो तिथेच राहिला पाहिजे. त्याला ०.०.०.० दिलं तर त्या जाळ्यातला कोणीही तुमचा नोड हवा तसा चालवू शकतो. 'ॲड्रेसेस.गेटवे', म्हणजे ब्राउझरमधून फाइली बघण्याचा पत्ता, ८०८० वर असतो. अभ्यासिकेतल्या मुलांना मोबाइलच्या ब्राउझरमधून प्रश्नपत्रिका उघडता याव्यात म्हणून हा ०.०.०.० केला तर हरकत नाही, पण सोबत 'गेटवे.नोफेच' ट्रू करा, म्हणजे फक्त यंत्रावर आहे तेवढंच दिलं जाईल. राऊटरमधून ८०८० किंवा ५००१ बाहेर उघडू नका.

राऊटर आणि फायरवॉल

पहिलं काम डीएचसीपी रिझर्वेशन. लॅपटॉपचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) राऊटरमध्ये नोंदवून त्याला कायम १९२.१६८.१.५० मिळेल असं करा. वायर लावणार असाल तर वायरच्या कार्डाचा मॅक, वाय-फायचा नव्हे. नोड वायरवरच ठेवलेला बरा.

मग पोर्ट फॉरवर्डिंग. काही राऊटरांत याचं नाव 'व्हर्च्युअल सर्व्हर' असतं. बाहेरचा पोर्ट ४००१, आतला पोर्ट ४००१, आतला पत्ता १९२.१६८.१.५०. टीसीपी आणि यूडीपी दोन्ही हवेत. टीसीपी लावून यूडीपी विसरणं फार होतं, आणि मग क्विक चालत नाही. लॅपटॉपवर यूएफडब्ल्यू (लिनक्सवरचा फायरवॉल) चालू असेल तर 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ४००१/टीसीपी' आणि तसंच यूडीपीसाठी.

कुबो यूपीएनपीने, म्हणजे राऊटरलाच पोर्ट उघडायला सांगून, हे काम स्वतःही करून बघतो. घरच्या लाइनवर ते चालू राहू द्या. मात्र सीजीनॅटमागे राऊटर 'पोर्ट उघडलं' असं खुशाल सांगतो, त्यावर विसंबू नका.

आयपीव्ही६ ला फॉरवर्डिंग लागत नाही. तिथे राऊटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या यंत्रासाठी ४००१ ला आत येऊ द्यायचं असतं. कंपनीने दिलेल्या काही राऊटरांत ही जागाच नसते. तेव्हा राऊटर बदलणं किंवा आयपीव्ही६ विसरणं, एवढंच उरतं.

जाहीर पत्ता

इथेही पहिला सल्ला: आधी काही करू नका. नोड चालू करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि 'आयपीएफएस आयडी' द्या. जोडलेले पीअर्स नोडला 'तू आम्हाला या पत्त्यावरून दिसतोस' असं सांगत असतात आणि पुरेशा जणांनी तेच सांगितलं की नोड तो पत्ता आपोआप जाहीर करतो. यादीत तुमचा सार्वजनिक आयपी ४००१ सह दिसला तर काम झालं. त्याच यादीत १२७.०.०.१ आणि १९२.१६८ चे पत्तेही दिसतात, घाबरू नका. एकाच वाय-फायवरचे दोन नोड त्या घरातल्या पत्त्यानेच एकमेकांना गाठतात.

हाताने पत्ता द्यायची गरज मोजक्या ठिकाणी पडते: बाहेरचा पोर्ट आतल्यापेक्षा वेगळा ठेवला असेल, डॉकरमध्ये (यंत्रातल्या वेगळ्या कप्प्यात) नोड असून तो १७२.१७ चा आतला पत्ता सांगत बसला असेल, पत्ता बदलत असल्याने डीडीएनएसचं (बदलत्या पत्त्याच्या मागे आपोआप जाणारं) नाव द्यायचं असेल, किंवा येणं-जाणं एखाद्या व्हीपीएसमधून (भाड्याच्या सर्व्हरमधून) होत असेल.

यासाठी तीन सेटिंगा आहेत आणि त्यांतला फरक कळला नाही तर असलेलंही बिघडतं. 'ॲड्रेसेस.अनाउन्स' मध्ये काही लिहिलं की नोडने स्वतः शोधलेली यादी बाजूला पडते आणि फक्त तुम्ही लिहिलेलं जाहीर होतं. एकच आयपीव्ही४ ओळ टाकली की चांगला चालणारा आयपीव्ही६ गायब. 'ॲड्रेसेस.अपेंडअनाउन्स' शोधलेल्या यादीत भर घालतं. 'ॲड्रेसेस.नोअनाउन्स' वगळतं, आणि त्याचा शब्द वरच्या दोघांपेक्षा चालतो. नवख्याने अपेंडअनाउन्सच वापरावं:

आयपीएफएस कॉन्फिग --जेसन ॲड्रेसेस.अपेंडअनाउन्स '["/आयपी४/२०३.०.११३.२५/टीसीपी/४००१", "/आयपी४/२०३.०.११३.२५/यूडीपी/४००१/क्विक-व्ही१"]'

डीडीएनएसचं नाव असेल तर आयपी४ आणि आकड्यांच्या जागी '/डीएनएस४/तुमचं-नाव' येईल. अवतरणचिन्हं सरळ हवीत. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या आज्ञेत ती वाकडी होतात आणि जेसन (कंसात लिहिलेली यादी) वाचला जात नाही. बदल केल्यावर डीमन बंद करून पुन्हा चालू करा, चालत्या नोडवर तो लागू होत नाही.

इथे ०.०.०.० कधीच लिहायचं नाही. ऐकण्यासाठी त्याचा अर्थ 'सगळीकडे' असतो, जाहीर पत्ता म्हणून त्याचा काहीच अर्थ होत नाही. आणि जाहीर केलेला पत्ता सगळ्यांना दिसतो, हेही ध्यानात असू द्या.

'सर्व्हर' प्रोफाइलविषयी (सेटिंगांच्या तयार संचाविषयी) एक ताकीद. 'आयपीएफएस कॉन्फिग प्रोफाइल अप्लाय सर्व्हर' ही आज्ञा बऱ्याच ठिकाणी डोळे मिटून द्यायला सांगतात. ती खासगी पट्टे नोअनाउन्समध्ये आणि 'स्वॉर्म.ॲड्रफिल्टर्स' मध्ये टाकते, आणि स्थानिक शोध व आपोआप पोर्ट उघडणं बंद करते. व्हीपीएसवर हे योग्यच आहे. तिथून नोड १० आणि १९२.१६८ च्या पत्त्यांवर जोडण्या करू लागला की कंपनीला ते जाळं चाचपण्यासारखं दिसतं आणि तक्रारीची मेल येते. पण अभ्यासिकेत हीच प्रोफाइल लावली तर शेजारच्या टेबलावरचा नोडही जोडला जात नाही. लावून बसला असाल तर 'लोकल-डिस्कव्हरी' प्रोफाइल लावा, ती हे उलटवते.

तपासणी बाहेरूनच

घरातून स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावर जाऊन बघणं भरवशाचं नाही. अनेक राऊटर आतून निघालेली जोडणी परत आत वळवत नाहीत, त्यामुळे चालू नोडही बंद वाटतो. मोबाइलचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर टर्मक्समधून (अँड्रॉइडवर आज्ञा द्यायच्या ॲपमधून) 'एनसी -व्हीझेड २०३.०.११३.२५ ४००१' द्या. हे टीसीपीपुरतं. यूडीपीसाठी एनसीचं 'यशस्वी' खरं मानू नका. त्यासाठी दुसऱ्या गावातल्या नोडवरून संपूर्ण पत्ता देऊन जोडणी करा:

आयपीएफएस स्वॉर्म कनेक्ट /आयपी४/२०३.०.११३.२५/यूडीपी/४००१/क्विक-व्ही१/पी२पी/तुमचा-पीअर-आयडी

त्याआधी 'आयपीएफएस स्वॉर्म पीअर्स' मध्ये दोघं आधीच जोडलेले नाहीत ना ते बघून घ्या, असतील तर डिस्कनेक्ट करा. जोडणी आधीच असेल तर आज्ञा लगेच 'सक्सेस' म्हणते आणि नव्या पत्त्याची काहीच परीक्षा होत नाही.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर पाकीट कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचलं, पण तिथे कोणी ऐकत नाही: आतला पत्ता किंवा पोर्ट चुकला. नुसता 'टाइमआउट' आला तर वाटेत फायरवॉल किंवा सीजीनॅट. टीसीपी लागतं आणि क्विक नाही, तर यूडीपीचा नियम राहिला. डीमन सुरू होताना यूडीपीच्या रिसीव्ह बफरविषयी इशारा दिसला तर 'नेट.कोअर.आरमेम_मॅक्स' आणि 'नेट.कोअर.डब्ल्यूमेम_मॅक्स' ७५००००० करा. त्याने वेग सुधारतो, पोच नाही.

सीजीनॅटच्या लाइनवर

चार रस्ते आहेत, स्वस्तापासून सांगतो.

पहिला, आयपीव्ही६ नीट उघडणं. मागणाऱ्याकडेही आयपीव्ही६ असला पाहिजे, आणि मोबाइल डेटावर तो आता सहसा असतो.

दुसरा, कुबोला त्याच्या पद्धतीने करू देणं. बाहेरून पोचता येत नाही हे कळल्यावर नोड एखाद्या रिलेमार्फत (मध्यस्थ नोडमार्फत) पत्ता घेतो. 'आयपीएफएस आयडी' मध्ये 'पी२पी-सर्किट' असलेले पत्ते दिसले की तेच. रिलेवरून मोठी फाइल जात नाही: मूळ मर्यादा एका जोडणीला २ मिनिटं आणि १२८ किलोबाइट. रिले फक्त दोघांची ओळख करून देतो, मग होल पंचिंगने (दोघांनी एकाच वेळी बाहेर जोडणी करून नॅटमधून वाट काढून) थेट जोडणी साधली जाते. कंपनीचं नॅट प्रत्येक गंतव्यासाठी वेगळा पोर्ट देणारं असेल तर ते साधत नाही.

तिसरा, कंपनीकडून स्टॅटिक आयपी विकत घेणं. मिळत असेल तर सगळ्यात कमी कटकट. अर्ज करताना 'पोर्ट आत यायला मोकळे आहेत ना' हेही विचारा.

चौथा, छोटा व्हीपीएस आणि वायरगार्ड (दोन यंत्रांमधला व्हीपीएनचा बोगदा). व्हीपीएसला १०.८.०.१, गावच्या नोडला १०.८.०.२. व्हीपीएसवर यूडीपी ५१८२० उघडा आणि आयपी फॉरवर्डिंग चालू करा. टीसीपी व यूडीपी ४००१ डीएनॅटने (येणाऱ्या पाकिटावरचा पत्ता बदलून) १०.८.०.२ कडे वळवा. नोडच्या बाजूला 'अलाउडआयपीज' ०.०.०.०/० ठेवा, म्हणजे उत्तरं बोगद्यातूनच परत जातील, आणि 'पर्सिस्टंटकीपअलाइव्ह' २५, नाहीतर सीजीनॅट थोड्या शांततेनंतर वाट बुजवतो. मास्करेड (पाठवणाऱ्याच्या जागी व्हीपीएसचा पत्ता लावणं) फक्त व्हीपीएसमधून इंटरनेटकडे जाणाऱ्या पाकिटांना लावा. बोगद्यात येणाऱ्यांनाही लावलंत तर प्रत्येक पीअर १०.८.०.१ वरून आल्यासारखा दिसतो, आणि सर्व्हर प्रोफाइल लावलेली असेल तर ॲड्रफिल्टर्स त्या सगळ्यांना दारातूनच परत पाठवतं. जोडणी होते पण मोठी फाइल अडकते, असं झालं तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४१२ करून बघा. पीपीपीओई (नाव-पासवर्डने जोडणारी पद्धत) वापरणाऱ्या फायबरवर मूळचा १४२० कधी कधी जास्त ठरतो. मग अपेंडअनाउन्समध्ये व्हीपीएसचा पत्ता, समजा १९८.५१.१००.७, आणि नोअनाउन्समध्ये '/आयपी४/१०.८.०.०/आयपीसीआयडीआर/२४'. सगळा डेटा व्हीपीएसच्या कोट्यातून जातो, हिशेब त्याप्रमाणे धरा.

लाइन गेली, आली, आणि बाकीचं

वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर टिकतो, पण ओएनटी आणि राऊटर पडतात, आणि परत आल्यावर बहुतेक वेळा नवा पत्ता मिळतो. म्हणून बदलता आयपी अपेंडअनाउन्समध्ये आकड्यांत लिहू नका. जुना पत्ता जाळ्यात काही काळ फिरत राहतो आणि मागणारे भलत्याच्या दारात थांबतात. आपोआप शोध किंवा डीडीएनएस, दोहोंपैकी एक वापरा. दोन्ही डब्यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर निम्मी डोकेदुखी जाते. अडॅप्टरवरचे अँपिअर बघून घ्या. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, राऊटरचा यूपीएस त्याला चालेलच असं नाही. मे महिन्यात रास्पबेरी पाय टिनाखाली भिंतीला लटकवू नका: चिप ८० अंशांच्या पुढे गेली की स्वतःचा वेग उतरवते.

साधा राऊटर गुदमरत असेल तर 'स्वॉर्म.कॉनएमजीआर' मधली जोडण्यांची मर्यादा खाली आणा. मूळ आकडे ३२ (खालची मर्यादा) आणि ९६ (वरची) आहेत.

इतर नोडमध्येही हीच जोडी वेगळ्या नावांनी येते. बिटकॉइन कोअरमध्ये ऐकण्यासाठी 'बाइंड', जाहीर करण्यासाठी 'एक्स्टर्नलआयपी', पोर्ट ८३३३. एलएनडी या लाइटनिंग (बिटकॉइनवरच्या पेमेंट जाळ्याच्या) नोडमध्ये 'लिसन' आणि 'एक्स्टर्नलआयपी', आणि बदलत्या पत्त्यासाठी 'एक्स्टर्नलहोस्ट्स' मध्ये नाव. कोअर लाइटनिंगमध्ये 'बाइंड-ॲड्र' फक्त ऐकतं, 'अनाउन्स-ॲड्र' फक्त जाहीर करतं आणि 'ॲड्र' दोन्ही करतं, त्यामुळे नॅटमागे पहिले दोन वेगवेगळे लिहा. या दोन्ही लाइटनिंग नोडचा पोर्ट ९७३५. सिंकथिंग (दोन यंत्रांतले फोल्डर जुळते ठेवणारा प्रोग्राम) २२००० वर ऐकतो आणि तुमचा बाहेरचा पत्ता डिस्कव्हरी सर्व्हर स्वतः टिपून घेतो, तिथे हाताने जाहीर करायची वेळ क्वचितच येते.